काटा तांबड्या पट्ट्यात गेला, तर?



मे महिन्याची दुपार आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एखाद्या गावचा जुना मालगुजारी तलाव आटला आहे. तलावातला गाळ काढण्याचे काम चालू आहे. पिवळ्या रंगाचे यंत्र, ज्याला गावात सगळे सरसकट 'जेसीबी' म्हणतात, ते गाळाच्या ढिगात बादली खुपसते, जोर लावते, मागे सरते आणि पुन्हा पुढे घुसते. बांधावर पोरांची गर्दी आहे. एवढ्यात ऑपरेटरचे लक्ष समोरच्या तबकडीकडे जाते. तेलाचे तापमान दाखवणारा काटा तांबड्या पट्ट्यात शिरला आहे. तो बादली खाली टेकवतो, दांडा न्यूट्रलला आणतो आणि स्वस्थ बसून राहतो. इंजिन मात्र चालूच!

"अहो, इंजिन बंद करा ना! उगाच डिझेल जळतंय," बांधावरून एक जण ओरडतो.

ऑपरेटर नुसता हसतो. दहा मिनिटांनी काटा खाली उतरतो आणि काम पुन्हा सुरू होते.

यांत शहाणा कोण? तापलेल्या यंत्राचे इंजिन बंद करायला सांगणारा, की ते चालू ठेवणारा? उत्तर देण्याची घाई करू नका. हाच प्रश्न शर्यतीच्या मोटारीला पडतो आणि एके काळी गोंदियाहून जबलपूरकडे जाणाऱ्या छोट्या लाईनच्या डिझेल इंजिनालाही पडत असे. या तिन्ही यंत्रांच्या पोटात एकच युक्ती दडलेली आहे. ती एकदा समजली, की उत्तर तुम्हीच द्याल.

दोन पंख्यांची गंमत

टेबलावर ठेवायचे दोन पंखे समोरासमोर, वीतभर अंतरावर ठेवा. एकाची वायर सॉकेटमधून काढून घ्या. दुसरा चालू करा. (हा प्रयोग घरातल्या मोठ्या माणसासमोरच करा, आणि पात्यांच्या जाळीत बोटे घालू नका.) थोड्याच वेळात वीज नसलेल्या पंख्याची पातीही हळूहळू फिरू लागतील. पहिल्या पंख्याने हवेला वेग दिला आणि त्या हवेने दुसऱ्या पंख्याची पाती ढकलली. दोहोंमध्ये ना साखळी, ना पट्टा, ना दातेरी चाक!

आता हवेच्या जागी तेल आहे, असे समजा. दोन्ही पंखे एकमेकांच्या अगदी जवळ आणून तेलाने भरलेल्या एका बंद डब्यात बसवले आहेत. एका चक्राला इंजिन फिरवते. त्याला आपण पंपचक्र म्हणू. दुसरे चक्र गाडीच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याला जोडलेले आहे. ते टर्बाइनचक्र. पंपचक्र तेल बाहेरच्या कडेकडे फेकते, ते तेल टर्बाइनचक्राच्या पात्यांवर आदळते आणि ते चक्र फिरू लागते.

ही कल्पना हेर्मान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरची. त्याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. तेव्हा तो मोटारीचा नव्हे, तर जहाजांचा विचार करत होता. वाफेची टर्बाइन फार वेगाने फिरते, आणि जहाजाचा पंखा मात्र सावकाश फिरायला हवा. या दोहोंची गाठ कशी घालावी, हा त्याचा प्रश्न होता. दातेरी चाकांऐवजी त्याने मध्यस्थ म्हणून द्रव वापरला.

फ्योटिंगरने आणखी एक चतुराई केली. टर्बाइनचक्रातून परत येणारे तेल उलट्या दिशेने पंपचक्रावर आदळले, तर ते त्याला अडवील. म्हणून त्याने मध्ये तिसरे, न फिरणारे चक्र बसवले. त्याला स्थिरचक्र म्हणू. त्याची वाकडी पाती परत येणाऱ्या तेलाची दिशा वळवतात. मग ते तेल पंपचक्राला अडवण्याऐवजी मदत करते. परिणाम असा, की गाडी उभी असताना टर्बाइनचक्रावर पडणारा फिरवण्याचा जोर इंजिनाच्या जोराच्या दुपटीहूनही जास्त होऊ शकतो. फिरवण्याच्या जोराला टॉर्क म्हणतात, म्हणून या यंत्राचे नाव टॉर्क कन्व्हर्टर. क्लच दाबायला नको, झटका नको. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी अलगद पुढे सरकते. आपोआप गिअर बदलणाऱ्या बऱ्याच मोटारींत इंजिन आणि गिअरपेटी यांच्यामध्ये हाच डबा असतो. तलावातल्या त्या पिवळ्या यंत्रातही तोच असतो.

फुकट काहीच मिळत नाही

जोर दुप्पट झाला, हे वाचून तुम्हांला वाटेल, की ही तर जादू आहे! थांबा. शक्ती म्हणजे नुसता जोर नव्हे. फिरणाऱ्या दांड्याची शक्ती काढताना जोराला फिरण्याच्या वेगाने गुणावे लागते. जोर वाढला तरी वेग घटलेला असतो. आणि दोहोंचा गुणाकार करून पाहिला, की इंजिनाने दिलेल्या शक्तीपेक्षा तो नेहमी कमीच भरतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, टर्बाइनचक्र पंपचक्राच्या निम्म्या वेगाने फिरते आहे आणि त्या वेळी जोर १.६ पट झाला आहे. मग पलीकडे पोचलेली शक्ती ०.५ × १.६ = ०.८, म्हणजे ८० टक्के. उरलेले २० टक्के कुठे गेले?

याचे उत्तर आपल्या घरातच आहे. ताक घुसळताना रवी फिरवायला श्रम पडतात. ते श्रम ताकाच्या घुसळणीत जातात आणि ताक अगदी किंचित गरम होते. इंग्लंडमधील जेम्स ज्यूल याने १८४० नंतरच्या दशकात असाच प्रयोग मोठ्या काटेकोरपणे केला. खाली उतरणाऱ्या वजनांच्या साहाय्याने त्याने पाण्यात पाती फिरवली आणि पाण्याचे तापमान किती वाढते, ते मोजले. ठराविक कामातून नेहमी ठराविक उष्णता निर्माण होते, हे त्याने दाखवून दिले. ऊर्जेच्या एककाला आपण आज त्याचेच नाव देतो.

टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे लोखंडी डेऱ्यात चाललेली तेलाची घुसळण होय. पंपचक्र वेगाने आणि टर्बाइनचक्र सावकाश फिरत असेल, तर तेल दोहोंमध्ये घुसळले जाते. दोन चक्रांच्या वेगांतल्या या फरकाला घसरण म्हणतात. घसरण जितकी जास्त, तितकी तेलात उष्णता जास्त. चाके पूर्ण अडली आणि इंजिन जोरात चालू राहिले, तर दांडा फिरतच नाही. म्हणजे पलीकडे पोचलेली शक्ती शून्य! इंजिनाची कन्व्हर्टरमध्ये शिरणारी सगळी शक्ती तेल तापवण्यात जाते. गाळाच्या ढिगात बादली अडकून यंत्र जागच्या जागी गुरगुरत असते, तेव्हा नेमके हेच घडत असते.

थोडे गणित

आता ही उष्णता किती, ते पाहू. समजा, एक वेगवान मोटार शर्यतीच्या मार्गावर धावते आहे आणि वळणातून बाहेर पडताना तिचे इंजिन १०० किलोवॅट शक्ती देत आहे. वरच्या उदाहरणाप्रमाणे २० टक्के शक्ती तेलात मुरते. म्हणजे २० किलोवॅट. घरातली साधी इस्त्री १ किलोवॅटची असते. तेव्हा गिअरपेटीच्या तेलात २० इस्त्र्या एकदम बुडवून ठेवल्यासारखे झाले!

गिअरपेटीत ८ किलोग्रॅम तेल आहे, असे धरू. १ किलोग्रॅम तेलाचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवायला सुमारे २ किलोज्यूल उष्णता लागते. म्हणून ८ किलोग्रॅमला १६ किलोज्यूल. आणि आपल्याजवळ दर सेकंदाला २० किलोज्यूल येत आहेत. २० भागिले १६ म्हणजे सव्वा. तेल दर सेकंदाला सव्वा अंशाने तापेल. ८० अंशांवरून १२० अंशांवर जायला त्याला किती वेळ लागेल? ४० भागिले १.२५, म्हणजे अवघे ३२ सेकंद!

प्रत्यक्षात घसरण सतत एवढी राहत नाही आणि काही उष्णता बाहेरही जात असते, म्हणून तेल इतक्या झपाट्याने तापत नाही. पण ही उष्णता बाहेर काढण्याची सोय नसेल, तर गिअरपेटीचे आयुष्य किती थोडे उरेल, याची कल्पना या आकड्यांवरून येते.

तापलेले तेल काय करते?

अशा गिअरपेटीतले तेल साधारणपणे ८० ते ९५ अंशांच्या आसपास सुखाने काम करते. ते १२० अंशांच्या वर बराच वेळ राहिले, की हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग झपाट्याने होऊ लागतो. ढोबळ नियम असा, की दर १० अंशांच्या वाढीला तेल खराब होण्याचा वेग सुमारे दुप्पट होतो. लालसर तेल तपकिरी, मग काळपट होते. त्याला जळका वास येतो.

पण खरे संकट याहून वेगळे आहे. आपोआप चालणाऱ्या गिअरपेटीत तेलाला तीन कामे करावी लागतात. ते शक्ती वाहून नेते, दातेरी चाकांना वंगण पुरवते आणि आपल्या दाबाने आतल्या चकत्या एकमेकींवर घट्ट आवळून धरते. कोणता गिअर लागणार, हे या चकत्या ठरवतात. तेल तापले, की पातळ होते. पातळ तेल फटींतून निसटते आणि दाब उतरतो. दाब उतरला, की चकत्या पुरेशा आवळल्या जात नाहीत आणि एकमेकींवर घसरू लागतात. घसरल्या, की घर्षणाने आणखी उष्णता! ती उष्णता पुन्हा तेलातच जाते. तेल आणखी पातळ होते. रबरी सीलही उष्णतेने कडक होऊन गळू लागतात. म्हणजे एक दोष दुसऱ्याला जन्म देतो आणि दुसरा पहिल्याला बळ देतो. हे दुष्टचक्र सुरू झाल्यावर ते थांबवण्याची संधी चालकाला फार थोडा वेळ मिळते. म्हणूनच तबकडीवरचा तो काटा महत्त्वाचा.

छोट्या लाईनवरचा चढ

आता आपल्या गोंदियाकडे वळू. गोंदिया ते जबलपूर ही ७६२ मिलिमीटर रुंदीची छोटी लाईन १९०३ ते १९०५ या काळात बंगाल-नागपूर रेल्वेने टप्प्याटप्प्याने सुरू केली. बालाघाटच्या पुढे नैनपूरकडे जाताना गाडी सातपुड्याच्या जंगलातल्या चढाला लागे. आरंभी या मार्गावर वाफेची इंजिने होती. पुढे चित्तरंजनच्या कारखान्यात बनलेली, झेडडीएम-४ए या वर्गाची सुमारे ७०० अश्वशक्तीची डिझेल इंजिने आली.

या इंजिनांत डिझेल इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत न्यायला जनित्र आणि विजेच्या मोटारी नव्हत्या. द्रवाच्या मदतीने शक्ती नेणारी यंत्रणा होती. छोट्या लाईनचे रूळ हलके, पूल हलके. एकेका आसावर फार वजन टाकून चालत नाही. जनित्र आणि मोटारी यांचे वजन भारी. तेलाचा डबा त्या मानाने हलका. म्हणून येथे फ्योटिंगरची युक्ती कामी आली.

पण तिची किंमतही मोजावी लागते. ७०० अश्वशक्ती म्हणजे ५०० किलोवॅटहून थोडी अधिक. त्यातले ५०० किलोवॅट कन्व्हर्टरमध्ये शिरले आणि ८० टक्केच पलीकडे पोचले, तर १०० किलोवॅट उष्णता तेलात उरते. १०० इस्त्र्या! सपाटीवर गाडीने वेग घेतला, की घसरण कमी होते आणि तेल निवते. चढावर मात्र गाडी सावकाश आणि इंजिन पूर्ण जोरात, अशी स्थिती बराच वेळ टिकते. म्हणून अशा इंजिनांना चढावर किती वजन ओढू द्यायचे आणि किमान किती वेग राखायचा, याला मर्यादा असते. चढाच्या अगोदर वेग घेऊन ठेवावा, मध्येच रेंगाळू नये, यामागे तेलाचाही विचार असतो.

घसरणीतून होणारा तोटा कमी कसा करावा, यावर आपल्या देशातही महत्त्वाचे काम झाले आहे. मनमोहन सुरी या भारतीय इंजिनिअरने डिझेल इंजिनांसाठी द्रव आणि दातेरी चाके यांची सांगड घालणारी यंत्रणा तयार केली. ती 'सुरी ट्रान्समिशन' या नावाने ओळखली जाते. १९६२ चे शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक त्यांना मिळाले. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे ते संचालक होते. अशा सांगडीमागचे तत्त्व सोपे आहे : गाडी हलवताना द्रवाची मऊ पकड घ्यावी, आणि वेग आल्यावर शक्तीला शक्य तितकी सरळ वाट करून द्यावी.

२०१५ च्या ऑक्टोबरात या मार्गाच्या उरलेल्या भागावरील छोट्या गाड्या थांबल्या आणि पुढे तेथे रुंद रूळ आले. छोट्या लाईनची माहिती जपणारे नॅरो गेज रेल्वे संग्रहालय नागपूरच्या मोतीबागेत २००२ साली उघडले आहे. सहलीला नागपूरला गेलात, तर ते जरूर पाहा.

मेमधली हवा आणि डिसेंबरची हवा

तेलातली उष्णता बाहेर कशी काढतात? तेल पंपाने बारीक नळ्यांच्या जाळीतून फिरवतात. या जाळीला कूलर म्हणतात. नळ्यांवरून पंख्याची किंवा धावत्या गाडीची हवा वाहते आणि उष्णता घेऊन जाते. काही यंत्रांत तेलाची उष्णता आधी पाण्याला दिली जाते आणि ते पाणी रेडिएटरमध्ये थंड होते.

कूलर किती उष्णता बाहेर टाकील, हे मुख्यतः तेल आणि हवा यांच्या तापमानांतल्या फरकावर अवलंबून असते. गोंदियात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास चढतो. तेल ९५ अंशांवर असेल, तर फरक ५० अंशांचा. डिसेंबरच्या पहाटे हवा १२ अंशांवर असेल, तर तोच फरक ८३ अंशांचा. ५० भागिले ८३, म्हणजे सुमारे ०.६. तेल तेच, कूलर तोच, पंखा तोच. तरी मे महिन्याच्या दुपारी तो डिसेंबरच्या तुलनेने ६० टक्केच काम करतो. त्यात तलावातली धूळ कूलरच्या जाळीत बसली, तर वारा अडतो आणि काम आणखी घटते. काटा तांबड्या पट्ट्यात का गेला, हे आता लक्षात आले ना?

शर्यतीच्या मार्गावर

आता वेगवान मोटारीकडे पाहू. एरवी रस्त्यावर ती क्वचितच पूर्ण शक्तीने चालते. सपाट महामार्गावर ताशी १०० किलोमीटर वेग राखायला साध्या मोटारीला २० किलोवॅटच्या आसपास शक्ती पुरते. शर्यतीच्या मार्गावर मात्र चालक वळणापाशी कचकन ब्रेक लावतो, वळण संपताच पूर्ण ॲक्सिलरेटर दाबतो, आणि असे दर फेरीत अनेकदा करतो. प्रत्येक वेळी घसरण वाढते. प्रत्येक वेळी गिअर बदलताना चकत्या क्षणभर घासतात. दोन ॲक्सिलरेटरांच्या मधल्या वेळात तेल पुरते निवायच्या आतच उष्णतेचा पुढचा हप्ता येतो. बँकेत भरणा जास्त आणि उचल कमी असली, की शिल्लक वाढते, तसे तेलाचे तापमान फेरीगणिक वाढत जाते. शिवाय जोरदार वळणात तेल एका बाजूला सरकते. पंपाचे तोंड उघडे पडले, तर तेलात हवा मिसळून फेस होतो. फेसाळ तेल ना नीट दाब देते, ना उष्णता वाहते.

म्हणून शर्यतीत आपोआप चालणाऱ्या गिअरपेट्यांवर फार दिवस कुणाचा विश्वास नव्हता. तो समज हलवला अमेरिकेतील टेक्सासच्या जिम हॉल याने. त्याच्या 'चॅपरल' मोटारीत १९६४ पासून टॉर्क कन्व्हर्टर होता आणि क्लचचे पेडल नव्हते. चालकाचा डावा पाय ब्रेकसाठी मोकळा राही. १९६५ साली हॉल आणि हॅप शार्प यांनी या मोटारीतून सेब्रिंगची १२ तासांची शर्यत जिंकली. पण रस्ता सोपा नव्हता. १९६७ साली 'चॅपरल २एफ' वेगात कुणाला हार जाणारी नव्हती, तरी त्या मोसमात तिला एकामागून एक शर्यती अर्ध्यात सोडाव्या लागल्या. ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत तर गिअरपेटीनेच दगा दिला. त्याच वर्षी ३० जुलैला इंग्लंडमधील ब्रँड्स हॅच येथे मात्र फिल हिल आणि माइक स्पेन्स यांनी तिला विजयी केले. वेगाची बाजी इंजिन मारते. पण शेवटच्या फेरीपर्यंत पोचवणारी असते ती गिअरपेटी, हा धडा यातून मिळतो.

उपाय काय?

उष्णता दोन वाटांनी आटोक्यात ठेवता येते. एक, ती मुळात कमी निर्माण होऊ द्यायची. दोन, निर्माण झालेली लवकर बाहेर काढायची.

पहिल्या वाटेवरचा मोठा उपाय म्हणजे कुलूप. वेग आल्यावर पंपचक्र आणि टर्बाइनचक्र एका चकतीने एकमेकांना घट्ट जोडून टाकतात. मग घसरण नाही आणि घुसळणही नाही. १९४९ साली अमेरिकेतील पॅकार्ड मोटारीत अशी सोय आली. १९७० नंतरच्या दशकात पेट्रोल महागल्यावर तिचा प्रसार झाला. आजच्या वेगवान गाड्यांत हे कुलूप खालच्या गिअरमध्येही लवकर लागते. तसे नसेल, तर चालकाने वरच्या गिअरमध्ये इंजिनाला ओढायला लावू नये. खालचा गिअर धरून ठेवावा. त्यामुळे टर्बाइनचक्राचा वेग वाढतो आणि घसरण घटते. तलावातल्या ऑपरेटरलाही हेच सांगणे : बादली अडली, तर ॲक्सिलरेटर दाबून यंत्र जागीच गुरगुरत ठेवू नये, मागे यावे आणि कमी गाळ घ्यावा.

दुसऱ्या वाटेवर पहिला उपाय म्हणजे मोठा, वेगळा कूलर. पुष्कळ मोटारींत गिअरपेटीचे तेल इंजिनाच्याच रेडिएटरमध्ये थंड होते. पण शर्यतीत इंजिनाचे पाणी स्वतःच ९० ते १०० अंशांवर असते. ते दुसऱ्याला काय थंड करणार? म्हणून समोरून वारा लागेल अशा जागी वेगळा कूलर बसवतात. तेलाची पातळी योग्य ठेवतात. कमी तेल लवकर तापते, आणि जादा तेल फिरत्या चाकांत सापडून फेसाळते. उष्णता सोसणारे कृत्रिम तेल वापरतात आणि ते वेळेवर बदलतात. तापमानाची तबकडी चालकाला दिसेल अशी लावतात. आणि काही जोराच्या फेऱ्यांनंतर एक सौम्य फेरी घेतात. तिच्यात ॲक्सिलरेटर हलका, वारा भरपूर, तेल निवते.

आता सांगा, शहाणा कोण?

आरंभीच्या प्रश्नाकडे परत येऊ. ऑपरेटरने दांडा न्यूट्रलला आणला, तेव्हा टर्बाइनचक्र मोकळे झाले. ते पंपचक्राबरोबर जवळजवळ त्याच वेगाने फिरू लागले. घसरण गेली, नवी उष्णता येणे जवळपास थांबले. पण इंजिन चालू असल्यामुळे तेलाचा पंप चालू राहिला, पंखा चालू राहिला. तापलेले तेल कूलरमधून फिरत राहिले आणि उष्णता बाहेर पडत राहिली. इंजिन बंद केले असते, तर पंप थांबला असता, पंखा थांबला असता आणि ते तेल कन्व्हर्टरमध्ये आणि सीलांपाशी तसेच तापत बसले असते. दहा मिनिटांचे डिझेल वाचले असते, पण गिअरपेटी धोक्यात आली असती.

शर्यतीचा चालकही म्हणूनच गाडी थांबवल्यावर लगेच इंजिन बंद करत नाही. आणि गिअर लागलेला ठेवून नुसत्या ब्रेकवर तो गाडी उभी करत नाही. कारण तेव्हा टर्बाइनचक्र अडलेले आणि पंपचक्र फिरते, म्हणजे पुन्हा घुसळण! तो आधी न्यूट्रलला येतो. अर्थात तेल कुठून गळत असेल किंवा धूर दिसत असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा इंजिन बंद करून दूर होणे हेच शहाणपण.

करून पाहा

झाकणाच्या एका जाड प्लॅस्टिकच्या बरणीत अर्धी कोरडी वाळू भरा. वाळूचे तापमान प्रयोगशाळेतल्या थर्मामीटरने मोजा (ताप मोजायचा थर्मामीटर येथे चालणार नाही). थर्मामीटर काढून घ्या, झाकण लावा आणि हाताची ऊब पोचू नये म्हणून बरणीभोवती जाड कापड गुंडाळा. मित्रांनी आळीपाळीने ती ५ मिनिटे जोरात हलवावी. पुन्हा तापमान मोजा. दर ५ मिनिटांनी मोजून आलेख काढा. आलेख सरळ वर जात राहतो, की हळूहळू वाकतो? वाकत असेल तर का? वाळू आणि हवा यांच्या तापमानांतला फरक वाढत गेला, की काय होते, याचा विचार करा. उत्तर सापडले, तर तबकडीवरचा काटा एखाद्या जागी स्थिर का राहतो आणि एखाद्या दिवशी तांबड्या पट्ट्यात का शिरतो, हेही तुम्हांला सापडले असे समजा.